अकरा मल्ये

गुणवंत विज्ञान मंडळाची यादी बुधवारी सकाळी फळ्यावर लागली. ज्योत्सनाचं नाव तिच्यात दोनदा होतं. एकदा वर्षातल्या उत्तम प्रकल्पाच्या पारितोषिकासमोर, आणि खालच्याच ओळीत पुण्याच्या जागेसमोर. तिनं दोन्ही ओळी वाचल्या, रोल नंबर आपलाच आहे ना ते पाहिलं आणि प्रॅक्टिकलला गेली.

मंडळ तसं लहानच. पवनीच्या या कॉलेजात विज्ञान शाखेच्या प्रत्येक वर्षातले पहिले सहा विद्यार्थी त्यात घेतात. एक पितळी बिल्ला मिळतो, उभं राहून शपथ घ्यावी लागते, ग्रंथालयातून एकाऐवजी चार पुस्तकं नेता येतात. पण खरी ओढ असते ती पुण्याच्या जागेची. गोड्या पाण्यातल्या जीवांवर काम करणाऱ्या तिथल्या एका प्रयोगशाळेत दर उन्हाळ्यात दोन महिन्यांसाठी मंडळातला एक विद्यार्थी जातो. एकच. आतापर्यंत गेलेल्या चौघांपैकी तिघांना त्या लोकांनी पुढं एम.एस्सी.साठी तिथंच ठेवून घेतलं होतं. ज्योत्सना तिसऱ्या वर्षाला होती. म्हणजे ही जागा तिला याच वर्षी मिळाली तर मिळाली. नाही मिळाली तर बी.एड. करायचं, असं बाबांशी बोलून झालं होतं.

टीना तिच्याच बाकावर बसायची. यादीत ती दुसरी होती, म्हणजे ज्योत्सना गेली नाही तर टीना.

"मासे मोजायले काय, मी पण मोजले असते," टीना म्हणाली. "पण माझा बाप किराणा विकते. मी काय मोजू, साबण?"

"मोजून पाहा. पेपर होईल."

"थोडं हास तरी, बाई. पुण्याले चालली तू, दवाखान्यात नाही."

ज्योत्सना हसली. टीनानं ते पाहून मान हलवली.

प्रकल्प ज्योत्सनाच्या गावामागच्या बोडीवर होता. बोडी म्हणजे धानाला पाणी देणारं लहान तळं. ज्योत्सनाचं घर ढिवरांचं. तिचे बाबा, लिलाधर, नदीत आणि बोडीत मासे धरायचे. मागच्या मार्चपासून वर्षभर, दर महिन्याच्या पहिल्या रविवारी, बाबा तिच्यासाठी बोडीत वीस वेळा जाळं फेकत. प्रत्येक फेकीतले मासे काठावरच्या निळ्या बादलीत पडत. ज्योत्सना तोवर पलीकडच्या काठाला बसून पाण्याचं तापमान, आम्लता, गढूळपणा मोजायची. मग बादलीपाशी येऊन एकेक मासा ओळखायची, त्याची लांबी घ्यायची आणि पाण्यात सोडायची. खवली, मरळ, वाघूर. बोडीत जे असतं तेच निघायचं.

ऑक्टोबरात मात्र बादलीत दोन मल्ये निघाले. मल्या नदीचा मासा. वाहत्या पाण्यात दगडाला ओठांनी चिकटून राहतो. साचलेल्या पाण्यात त्याला धरायला काही नसतं. नोव्हेंबरात तीन निघाले, डिसेंबरात चार, जानेवारीत दोन. एकूण अकरा. त्याच्या आदल्या उन्हाळ्यात बोडी नहराला, म्हणजे कालव्याला, जोडली गेली होती. तिनं लिहिलं, की नहराच्या पाण्यासोबत नदीचे मासे बोडीत येऊ लागले आहेत आणि असं पाणी मिळालं तर इतर बोड्यांमध्येही हरवलेल्या जाती परतू शकतील. प्रकल्पाबद्दल पुण्याहून आलेल्या पत्रात नेमकं हेच वाक्य उचलून धरलं होतं.

दुपारी ती घरी आली तेव्हा चिंचेखाली बाबा फाटलेलं जाळं सांधत बसले होते. शेजारी इतवारी मोठे बाबा होते. ते लिलाधरचे थोरले चुलतभाऊ. साठी उलटली तरी रोज पहाटे नदीवर जायचे.

"या साहेबीणबाई," मोठे बाबा म्हणाले.

"तुमाले कोणं सांगलं?"

"टीनाच्या बापानं. दुकानात सगळ्याईले सांगून राहिला. मासे मोजून माणूस पुण्याले जाते, हे मले या वयात समजलं. आमी जलमभर धरले, आमाले कोणी पवनीच्या पलीकडं नाही नेलं."

"तुमी मोजले काहून नाही मंग?" बाबा म्हणाले.

"मोजत बसलो असतो तं खाल्ले कवा असते?" मोठे बाबा हसले, मग ज्योत्सनाकडे वळले. "पण खरं सांगू का पोरी. तुले माह्या मल्यायनं पुण्याले धाडलं."

ज्योत्सना पायरीवर बसून चपला काढत होती. "कोणते मल्ये?"

"तुह्या बादलीतले. मी नदीवरून येऊन राहिलो होतो. पाहतो तं बादलीत चार खवल्या. तुहा बाप कमरेइतक्या पाण्यात, तू तिकडं काचेची नळी बुडवून बसली. म्हणलं, पोरीची बादली अशी घरी जाईन का? टाकले दोन."

ढिवरांच्या या मोहल्ल्यात पाण्यावरून कोणाचं टोपलं रिकामं जाऊ देत नाहीत. ज्याच्या जाळ्यात काही आलं नाही, त्याच्या टोपल्यात येणारा-जाणारा दोन-चार मासे टाकून पुढं जातो. बोलत नाही, कारण बोललं तर घेणाऱ्याला खाली पाहावं लागतं. ज्योत्सनानं हे लहानपणापासून पाहिलं होतं. एका वर्षी बाबांचा हात मोडला होता, तेव्हा तीन आठवडे घरात असेच मासे येत होते. आपली बादली हेही एक टोपलंच आहे, असं मात्र तिला कधी वाटलं नव्हतं.

"किती वेळा टाकले?" तिनं विचारलं.

"मोजायचं काम तुह्यं," मोठे बाबा म्हणाले, आणि ते नि बाबा दोघंही हसले. "एरवी मी बोललो नसतो. पण आता तुह्यापाशी लय झालं. आता बोललं तं चालते."

"आणखी कोणी टाकत होतं?"

"केवळराम टाके. डोमाची बायको टाके. आपल्या मोहल्ल्याची पोरगी, रिकामी कशी जाऊ देतीन?"

"त्यायनं कोणते टाकले?"

"जे हाती लागलं ते. खवली म्हण, मरळ म्हण."

"बाबा, तुमाले दिसत होतं?"

"दिसे तं." बाबांनी सुतळी दातानं तोडली. "मले वाटलं तुले ठाऊक आहे."

ती आत गेली आणि नोंदवही काढली. डिसेंबरच्या पानावर चार मल्ये होते, लांबी मिलिमीटरमध्ये. दोघांच्या पुढं तिच्याच अक्षरात लिहिलेलं होतं: हाताळताना मृत. तिनं ते हाताळण्याआधीच मेलेले होते. नदीवरून टोपल्यात आलेले, मेलेच असणार. तेव्हा तिला तसं दिसलं नव्हतं, किंवा दिसलं आणि तिनं एक कारण लिहून टाकलं. तिनं बाराही महिन्यांची पानं उलटली. दोनशे त्रेसष्ट मासे होते. त्यातले बोडीचे कोणते आणि मोहल्ल्याचे कोणते, हे आता कोणालाच सांगता आलं नसतं.

आपल्याला रडू येईल असं तिला वाटलं होतं. थोडा वेळ ती थांबली. मग उठून तिनं तांदूळ निवडायला घेतले.

गुरुवारी ती हटवार मॅडमच्या खोलीत गेली. दीपमाला हटवार प्राणिशास्त्र शिकवायच्या, मंडळाचं कामही त्याच पाहायच्या. पुण्याला पाठवायचा फॉर्म त्यांनी टेबलावर काढूनच ठेवला होता. खाली एक छापील ओळ होती, की सर्व निरीक्षणं अर्जदारानं नमूद केलेल्या ठिकाणी आणि नमूद केलेल्या पद्धतीनं घेतली आहेत. त्याखाली सहीची जागा.

ज्योत्सनानं जे झालं ते क्रमानं सांगितलं.

"मल्ये काढून टाक," शेवटी त्या म्हणाल्या. "बाकीचं राहू दे. बाकीचंही चांगलं आहे."

"बाकीच्यातलं काय बोडीचं आहे ते माहीत नाही, मॅडम. मी वीस फेकींचं म्हणून लिहिलं आहे."

"हं."

पंखा फिरत होता. मॅडमनी चष्मा काढून ओढणीच्या टोकानं पुसला.

"तू सांगितलं नसतं तर मला कळलं नसतं."

"हो."

"पुण्यालाही कळलं नसतं. तुझ्या मोठ्या बाबांना कोणी साक्षीला बोलावणार नाही."

"नाही बोलावणार."

"मग?"

ज्योत्सनाला याचं उत्तर तयार करावं लागलं नाही. ते आदल्या दिवशी तांदूळ निवडतानाच झालं होतं. "दोन-चार वर्षांनी कोणी तरी तिथं जाळं टाकेल. मल्या निघणार नाही. मग ते लिहितील, होता आणि नाहीसा झाला. तो तिथं नव्हताच."

मॅडमनी चष्मा लावला. बराच वेळ त्या फॉर्मकडे पाहत राहिल्या, जणू तो त्यांचाच भरायचा राहिला होता.

"मी तुला काही सांगणार नाही," त्या म्हणाल्या. "उद्या पाचपर्यंत सही करून आणलास तर पाठवीन. नाही आणलास तर टीनाचं नाव जाईल. मंडळातून तुला कोणी काढत नाही, ते मार्कांवर आहे. पण ही जागा मी पुढच्या वर्षासाठी राखून ठेवू शकत नाही. तो माझा अधिकार नाही."

"मला माहीत आहे, मॅडम."

फॉर्म घेऊन ती घरी गेली. रात्रभर झोप लागली नाही असं काही झालं नाही, झोप नेहमीसारखी लागली. शुक्रवारी दुपारी ग्रंथालयात बसून तिनं नाव, वर्ग, पत्ता सगळं नीट भरलं. सहीच्या जागेपाशी पेन टेकवलं आणि तिथं शाईचा एक ठिपका पडला. तो पसरायचा थांबेपर्यंत ती त्याच्याकडे पाहत होती. मग फॉर्म बाजूला ठेवून तिनं कोऱ्या कागदावर सहा ओळी लिहिल्या: नमुने गोळा होताना त्यांत बाहेरचे मासे मिसळले, किती ते सांगता येत नाही, म्हणून प्रकल्प आणि अर्ज दोन्ही मागं घेत आहे. मासे कोणी मिसळले ते लिहिलं नाही. पावणेचार वाजता मॅडमच्या टेबलावर कागद ठेवून ती बाहेर आली.

शनिवारी सभागृहात कार्यक्रम झाला. नव्या सदस्यांना बिल्ले लागले. प्राचार्यांनी मंडळातून मिळणाऱ्या संधींबद्दल भाषण केलं, विद्यार्थ्यांनी मोठी स्वप्नं पाहावीत असं सांगितलं. मग पुण्याच्या जागेसाठी टीनाचं नाव पुकारलं. टाळ्या वाजल्या. ज्योत्सनानंही वाजवल्या, इतरांच्या बरोबरीनं सुरू केल्या आणि इतरांच्या बरोबरीनं थांबवल्या.

टीना खाली येऊन तिच्या शेजारी बसली. तिच्या हातात पाकीट होतं.

"काहून केलं असं?"

"मोजण्यात चूक निघाली."

"मले तुझी जागा नको होती."

"खोटं नको बोलू."

टीनानं पाकीट मांडीवर पालथं ठेवलं. "बरं. हवी होती. पण अशी नको होती."

"जागा तीच आहे," ज्योत्सना म्हणाली. "अशी-तशी नसते."

कार्यक्रमाला बाबा आणि मोठे बाबा दोघंही आले होते, हे तिला बाहेर आल्यावर कळलं. मागच्या रांगेत बसले होते. बाबांनी लग्नाकार्याचा सदरा घातला होता. तिघं बसस्टँडपर्यंत चालत गेले. बाकावर बसल्यावर मोठे बाबा म्हणाले, "दुकानवाल्याची पोरगी. त्याचं कोणाकोणासंगं बसणं-उठणं असन. ढिवराच्या पोरीले कोण धाडते?"

"तसं नाही, मोठे बाबा."

"मंग कसं? फळ्यावर तुह्यं नाव होतं. मी स्वतः आयकलं."

"मीच परत केली जागा. माझ्या मोजण्यात चूक होती."

"तुह्या मोजण्यात?" बाबांनी तिच्याकडे पाहिलं. लहानपणी हीच त्यांच्या टोपल्यातले मासे बोट लावून मोजायची आणि कधी चुकायची नाही.

"हो. माझीच चूक."

हे खोटं नव्हतं. बादली उघडी ठेवून वर्षभर तिकडं पाठ करून बसली ती तीच. पद्धत तिची होती. मोहल्ल्यानं फक्त मोहल्ल्यासारखं केलं होतं.

मोठे बाबा पायाजवळच्या मातीकडे पाहत होते. नदीवर पाण्याचा रंग पाहून मासा कुठं आहे ते सांगणारा माणूस. बऱ्याच वेळानं त्यांनी मान वर न करता विचारलं, "मल्यायमुळं झालं का वो?"

"नाही," ज्योत्सना म्हणाली.

सही करताना हात अडला होता, तसं या शब्दाला काही अडलं नाही. तो सरळ बाहेर आला. मोठ्या बाबांनी मोठा श्वास सोडला आणि खिशातून तंबाखूच्या खर्ऱ्याची पुडी काढली.

"मंग काय एवढं," ते म्हणाले. "पुढच्या साली जाशीन."

"पुढच्या साली मी कॉलेजात नसते, मोठे बाबा. तिसरं वर्ष संपलं."

"मंग?"

"बी.एड. करीन."

"मास्तरीण," मोठे बाबा बाबांना म्हणाले. "ते बी वाईट नाही. गावात राहीन."

बस आली तेव्हा बाबा आधी चढले आणि खिडकीजवळची जागा हातानं झटकून त्यांनी ज्योत्सनाला तिथं बसवलं. ती बसली. कंडक्टर आल्यावर तिनं गावाचं नाव सांगितलं आणि तिघांची तिकिटं मागितली.