मालनबाईंची पट्टी

बद्रीनाथबुवांच्या गाण्याला लोक गंभीर म्हणतात. मी त्यांच्या साथीला तबल्यावर बसतो, त्यामुळे मला त्यासाठी दुसरे शब्द सुचतात. बुवांच्या विलंबित एकतालाचं एक आवर्तन संपायला पूर्ण मिनिट लागतं. तेवढ्या वेळात समोरचा श्रोता चहा पिऊन परत येतो आणि काही चुकलं नाही ना, असं मलाच खुणेने विचारतो. तीस वर्षं मी हे वाजवतोय. आता दुसरीकडे कुठे बोलावणं आलं तर अंगात ताप आहे म्हणून सांगतो.

दोष बुवांचा नाही. ही गायकी त्यांच्या आईची, मालनबाईंची. त्या अगदी तरुणपणी गेल्या, तेव्हा बुवा तीन वर्षांचे होते. मागे राहिली ती एकच तबकडी, कुणा हौशी माणसाने खासगीत काढून घेतलेली. घरात ती वाजवायला यंत्र नव्हतं. बुवा कॉलेजात गेल्यावर त्यांच्या मामांनी अमेरिकेहून रेकॉर्ड प्लेअर आणला, सोबत विटेएवढा ट्रान्सफॉर्मर आणला, आणि बुवांनी पहिल्यांदा आईचा आवाज ऐकला. यमन. जड, खोल, सावकाश. पट्टी पांढरी चार. बाईच्या गळ्याला ही पट्टी चांगलीच खालची, पण मालनबाईंची ती, म्हणून आमच्या क्लासातल्या झाडून सगळ्या मुली पांढरी चारमध्येच गातात. एकदा शेजारच्या कांताबाई म्हणाल्या होत्या, "मालन एवढी जड नव्हती हो गात." त्या वर्षीपासून त्यांना स्मृतिदिनाच्या बैठकीचं आमंत्रण जात नाही.

गोष्ट अर्शियाची आहे. ही मुलगी भोसरीच्या एका कारखान्यात विजेच्या मोटरी तपासते आणि दर रविवारी सकाळी बुधवार पेठेतले दोन जिने चढून गाणं शिकायला येते. सहा वर्षं येतेय. गळा असा की वरचा षड्ज लागला की मी ठेका विसरावा. पण खाली उतरायचं म्हटलं की नुसती हवा. घरात सगळ्यांची समजूत घालून तिने हे गाणं धरलंय, नोकरीतली बढती पुण्याबाहेर जावं लागेल म्हणून नाकारलीय, आणि यंदाच्या बैठकीत तिला पहिल्यांदा बसायला मिळणार होतं.

त्या रविवारी बुवांनी तिला मंद्र सप्तकात उतरवलं. दोनदा उतरवलं. मग तानपुरा खाली ठेवला.

"परवाच्या बैठकीला तू नको," ते म्हणाले. "आणि पुढचाही विचार कर. हा गळा या गाण्याचा नाही. तुझा वेळ जातोय, माझाही."

बुवा कधी आवाज चढवत नाहीत. चढवला असता तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं. मला त्यांचा फार राग आला, पण तबलजीच्या रागाला कोण विचारतं? मी हातोडी उचलून, सुरात असलेला तबला पुन्हा ठोकत बसलो.

अर्शियाला डोळे पुसायचे होते आणि ते आमच्यासमोर नको होतं. ती आपली बॅग घ्यायला म्हणून रेकॉर्ड प्लेअरच्या मागे वाकली. बराच वेळ वाकलेलीच राहिली.

"बुवा," ती मागूनच म्हणाली, "हे साठचं आहे."

"साठचं नाही, एकोणऐंशीचं. मामांनी आणलं तेव्हा मी कॉलेजात होतो."

"तसं नाही. मागच्या पट्टीवर लिहिलंय. साठ सायकल."

"सायकलचा इथे काय संबंध?"

"सायकल म्हणजे आवर्तन, बुवा. हे सेकंदाला साठ आवर्तनांच्या विजेवर चालतं. आपल्याकडे पन्नास असतात. दहा आवर्तनं कमी पडताहेत."

बुवांनी माझ्याकडे पाहिलं. आवर्तनं कमी पडली की या घरात पहिला संशय माझ्यावर येतो.

"शंभूकाकांची नाहीत," अर्शिया म्हणाली. "शंभूकाकांचं मिनिटाला एक असतं. सेकंदात सांगायचं तर साठाने भागायचं. एक साठांश हर्ट्झ."

मला आजवर लोकांनी बरंच काही म्हटलंय, पण एककात कुणी मोजलं नव्हतं.

"ट्रान्सफॉर्मर आहे ना?" बुवा म्हणाले. "मामा म्हणाले होते, तो आपली वीज अमेरिकेची करून देतो."

"तो व्होल्ट बदलतो. दोनशेतीसचे एकशेदहा करतो. आवर्तनं मात्र जशी येतात तशीच पुढे सोडतो. आणि ही मोटर आवर्तनांच्या तालावर फिरते, व्होल्टच्या नाही." तिचे डोळे लाल होते, पण आवाज आता कारखान्यातला होता. "म्हणजे हे यंत्र आणल्या दिवसापासून हळू फिरतंय."

बुवांना हे उद्धट वाटलं. मला विलक्षण वाटलं. म्हटलं, मोजून बघू, त्यात कुणाचा अपमान नाही. अर्शियाने फिरत्या थाळीच्या कडेला कागदाचा कपटा चिकटवला, मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत मिनिटभर फेरे मोजले. मोजणं हा माझा धंदाच आहे. अठ्ठावीसला किंचित कमी भरले. तबकडीवर छापलं होतं तेहेतीस पूर्णांक एक तृतीयांश.

"साठाला पन्नास, म्हणजे सहाला पाच," अर्शिया म्हणाली. "तेहेतीस आणि एक तृतीयांशाला पाचाने गुणा, सहाने भागा. सत्तावीस पूर्णांक अठ्ठ्याहत्तर शतांश. बरोबर येतंय."

"पाचसहा फेऱ्यांनी काय बिघडतं?" बुवा म्हणाले.

"फेरे कमी झाले की सुराची आवर्तनंही त्याच हिशेबात कमी होतात. सेकंदाला चारशेपंधरा असतील तर इथे तीनशेसेहेचाळीस ऐकू येतील. सगळंच सहाला पाच."

आता मात्र बुवा पुढे सरकले. त्यांना हर्ट्झ कळत नसेल, पण सहाला पाच म्हणजे काय, हे कुठल्याही गवयाला कळतं. षड्जापासून कोमल गंधार तेवढाच लांब असतो. त्यांनी पेटी ओढली, पांढरी चारवर षड्ज धरला आणि तिथून कोमल गंधारावर बोट ठेवलं. बोट काळी चारवर पडलं होतं.

काळी चार ही अर्शियाची पट्टी. क्लासात सगळ्यांना ठाऊक होतं. जिना उतरताना ती त्याच पट्टीत गुणगुणते आणि खालचे दुकानदार गिऱ्हाइकाला थांबवून ऐकतात.

"लॅपटॉपवर लावते," अर्शिया हळूच म्हणाली. "मोबाइलवर नुसता वेग वाढतो, पट्टी तीच राहते. लॅपटॉपवर दोन्ही वाढवता येतं. एक पूर्णांक दोन दशांश पट." मग लगेच म्हणाली, "तुम्ही म्हणत असाल तरच, बुवा."

बुवा हो म्हणाले नाहीत. नाहीही म्हणाले नाहीत. तिने बॅगेतून लॅपटॉप काढला आणि रियाझासाठी याच यंत्रावरून उतरवून घेतलेलं गाणं लावलं.

एक मुलगी गात होती.

तोच यमन, त्याच जागा, पण यमनाला वारा लागलेला. एका तानेच्या शेवटी तिचा श्वास संपला, तर तिने ती तान तशीच सोडून दिली आणि पुढे निघाली. आम्ही ती जागा इतकी वर्षं विरक्ती म्हणून शिकत आणि शिकवत होतो. मागचा तबलजीही चांगला जागा होता. मला त्याचा हेवा वाटला.

गाणं संपलं. खाली कुणीतरी स्पीकर तपासत होतं, तेवढाच आवाज. मला वाटलं बुवा रागावतील, एवढ्या वर्षांचं शिकवणं वाया गेलं म्हणून. मी त्याची मनाशी तयारीही केली होती. पण ते रागावले नाहीत. त्यांचा चेहरा तीन वर्षांच्या पोराचा झाला होता, आणि चौसष्टीच्या माणसाच्या अंगावर तो बघवत नव्हता.

"एवढी लहान होती?" ते म्हणाले.

त्यांनी तबकडी उचलून मांडीवर घेतली.

"मला वाटायचं, आई मोठी बाई होती. कमी बोलणारी. रागावणारी. मी तसाच झालो." त्यांनी चष्मा काढला. "ही तर हसतेय."

अर्शियाने लॅपटॉप मिटला. तिला परत एकदा रडू येत होतं, या वेळी तिने ते लपवलं नाही.

मग बुवांनी तानपुरा उचलला आणि तिच्यापुढे सरकवला. "काळी चारात लाव."

"बुवा, अहो, तारा या पट्टीच्या नाहीत," मी म्हणालो. "एवढ्या चढवल्या तर तुटतील."

"तुटू देत. दुकानं बंद झालीत का?"

अर्शियाने खुंट्या पिळायला घेतल्या. तारा कुरकुरल्या, पण तुटल्या नाहीत. षड्जाच्या आसपास आल्यावर तिने नेहमीच्या रिवाजाने तानपुरा बुवांकडे वळवला. आमच्याकडे शेवटचा षड्ज गुरूनेच मिळवायचा असतो.

बुवांनी हात पुढे केला नाही.

"तूच मिळव," ते म्हणाले. "माझ्या आईचा षड्ज मला माहीत नाही."