खासगी बाजारातले चाकूसरदार

"दिनकर, तुझा चाकू सरकव तिकडे. मधली जागा संभाची आहे," महिपतराव म्हणाले.

"संभाची जागा! अरे, माणूस येणार नाही म्हणून निरोप धाडतो, आणि तू त्याची जागा धरून बसला आहेस. हद्द झाली तुझी!" असं म्हणत दिनकररावांनी आपला रामपुरी बोटभर बाजूला केला खरा, पण तोंड फुगवूनच.

दसऱ्याची सकाळ होती. लष्कर शहराच्या खासगी बाजारातल्या महिपतराव खलाट्यांच्या ओसरीवर पाट मांडला होता. पाटावर लाल खण, खणावर देवीचा टाक, झेंडूची फुलं आणि दोन मिटलेले चाकू. आत विजयाबाईंचं पुरण शिजत आलं होतं आणि वेलदोड्याचा वास थेट रस्त्यापर्यंत गेला होता.

आता मराठ्याच्या घरी दसऱ्याला तलवारीऐवजी चाकू पुजायचा म्हटलं की कुणालाही हसू येणार. गल्ली तर उघडउघड हसायची. "काय चाकूसरदार, यंदा कोणता मुलूख मारणार?" असं पानवालासुद्धा विचारायचा. पण त्याला कारण होतं. महिपतराव, दिनकरराव आणि संभाजीराव, तिघंही आपापल्या घराण्यात धाकट्या पातीचे. घराण्याची तलवार राहते थोरल्या घरी; दसऱ्याला तिथं जाऊन हात जोडायचे, भावजयीनं वाढलेलं जेवायचं आणि मुकाट परत यायचं. एका वर्षी संभाजीराव उखडले. "कमरेला जे रोज लागतं ते माझं शस्त्र. त्या गंजक्या तलवारीनं आजतागायत भोपळा तरी कापलाय का?" म्हणाले, आणि खिशातला चाकू काढून महिपतरावांच्या देवापुढे ठेवला. तेव्हापासून ही पूजा सुरू झाली, ती कधी चुकली नव्हती.

आणि चाकूंचं वेड तरी केवढं! दर रविवारी तिघं याच ओसरीवर बसायचे. तेल लावायचं, पातं उजेडात धरायचं, हातावरचे केस भादरून धार बघायची आणि मग तुझं पोलाद मऊ की माझं, यावर चहा गार होईपर्यंत वाद घालायचा. दिनकरराव जकात नाक्यावर कारकून. त्यांचा रामपुरी खटक्याचा, आवाजानंच माणूस दचकावा असा. महिपतराव दरबारच्या फर्रासखान्यात, म्हणजे तंबू-कनातींच्या खात्यात. त्यांचा चाकू लष्करातल्याच एका लोहारानं घडवलेला, काळ्या शिंगाच्या मुठीचा, दोरखंड काकडीसारखा कापणारा. आणि संभाजीरावांचा? तो तर राजा! लढाईत पलटणीबरोबर बसऱ्याला गेले होते, तिथून आणलेला. सांबरशिंगाची मूठ, दोन पाती, आणि उघडताना असा काही गोड आवाज करायचा की दिनकरराव डोळे मिटून म्हणायचे, "पुन्हा एकदा."

पूजेचे नियमही त्यांनीच केले होते. आपला चाकू आपणच उघडून देवीपुढे ठेवायचा. वयानं थोरले म्हणून पहिला मान संभाजीरावांचा. त्यांचं पातं उघडल्याशिवाय बाकीच्यांनी उघडायचं नाही. आणि सगळ्यात कडक नियम जुनाच, बायकासुद्धा पाळतात तो: चाकू हातोहात द्यायचा नाही. खाली ठेवायचा, दुसऱ्यानं उचलायचा. हातोहात दिला की भांडण लागतं.

गेल्या दसऱ्याला नेमका तोच मोडला होता. संभाजीरावांनी नवं तेल दाखवायला चाकू पुढे केला आणि महिपतरावांनी भान सोडून तो हातातूनच घेतला. त्या वेळी सगळे हसले. पण पुढे उन्हाळ्यात दरबार शिवपुरीला गेला, तंबूंबरोबर महिपतरावही गेले, ते पाऊस संपता संपता परत आले. आल्यावर कळलं की संभाजीरावांनी ओसरीवर येणंच सोडलं आहे. दिनकरराव एकदा शहराबाहेर मुरारला त्यांच्या घरी गेले, तर सून म्हणाली, मामंजी झोपलेत. भर दिवसा! काल महिपतरावांनी माणूस पाठवला, त्याला एका वाक्याचं उत्तर मिळालं: मी येणार नाही, तुम्ही उरकून घ्या.

उरकून घ्या! हा शब्द महिपतरावांना रात्रभर कुसळासारखा टोचत होता. इतक्या वर्षांची दोस्ती, आणि ती एका चाकूच्या देण्याघेण्यावरून तुटावी?

"मी जातो त्याला आणायला," ते एकदम उठून म्हणाले.

"आत्ता? अरे, दुपारनंतर दरबारच्या शमीपूजनाच्या मिरवणुकीसाठी रस्ते बंद होतील. आणि तो दार उघडणार थोडाच आहे!"

आतून विजयाबाई म्हणाल्या, "जाऊ द्या हो भाऊजी त्यांना. नाहीतर जेवताना माझ्या पोळीला नावं ठेवतील. अहो, टोपी तरी घालून जा!"

कोपऱ्यावर टांगा मिळाला. टांगेवाला कुरकुरला, "मुरार? आज तो दशहरा है, बाबूजी. लौटते में रास्ता बंद मिलेगा."

"अरे, तू चल तो सही!"

वाटेभर महिपतराव मनात वाक्यं जुळवत होते. आधी रागवायचं की आधी माफी मागायची, याचा निकाल मुरार येईपर्यंत लागला नाही.

संभाजीराव दारापुढच्या ओट्यावर बसले होते. आश्विनातला उकाडा मी म्हणत होता, आणि हा गडी उजव्या खांद्यावरून शाल पांघरून बसलेला! महिपतरावांना पाहताच ते उठायला गेले, पण उठले नाहीत.

"का आलास? निरोप मिळाला नाही का?"

"मिळाला. उरकून घ्या म्हणे! अरे, पूजा आहे का ओझं, उरकायला? चूक झाली माझी, हातातून घेतला चाकू. नाक घासू का आता इथं मुरारच्या रस्त्यावर?"

"कुठला चाकू?" संभाजीराव गोंधळले.

"गेल्या दसऱ्याला. हातोहात घेतला होता मी."

संभाजीराव हसले. हसू तोंडाच्या एकाच बाजूला आलं. तेव्हा कुठं महिपतरावांच्या लक्षात आलं. सूनबाई शालिनी पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी होती, ती हळूच म्हणाली, "ज्येष्ठात लकवा मारला, काका. पाय सुधारला, पण हात नाही. कुणाला सांगू नको म्हणाले. दिनकरकाका आले तर मला खोटं बोलायला लावलं."

"तू आत जा ग," संभाजीराव म्हणाले. मग त्यांनी डाव्या हातानं शाल बाजूला केली. उजवा हात मांडीवर पडला होता, दुसऱ्या कुणाचा ठेवायला दिल्यासारखा.

महिपतरावांची वाटेत जुळवलेली सगळी वाक्यं वाया गेली. "गाढवा," एवढंच ते म्हणाले, "अरे, मला कळवायचं तरी!"

"काय कळवू? चाकू उघडता येत नाही म्हणून? मूठ धरायला एक हात लागतो, पातं ओढायला दुसरा. रोज बसतो आणि खटपट करतो. दातांनी उघडतो कधी कधी, कुत्र्यानं हाड धरावं तसा. ते देवीपुढे करू?" ते थांबले. "आणि तेही सोड. सणाच्या ताटावर बसायचं कसं? डाव्या हातानं जेवू, चारचौघांत? इथं सूनबाई भरवते मला, महिपत. दार लावून घेते आणि भरवते."

महिपतराव त्यांच्या शेजारी ओट्यावर टेकले. मग म्हणाले, "जेवू नकोस. पण तुझी जागा मोकळी आहे पाटावर, आणि तुझं पातं उघडल्याशिवाय आमचं उघडत नाही. यंदा तू नाही आलास तर पूजा नाही, बिलकुल नाही. जन्मभर थोरल्याच्या घरी जाऊन हात जोडीन."

"तू घेऊन जा चाकू. तूच उघड."

"मी हात लावणार नाही. एकदा लावला, त्याची धास्ती वर्षभर पुरली."

संभाजीराव पुन्हा तसंच अर्धं हसले. "शालिनी," त्यांनी हाक मारली, "माझी टोपी आण ग. आणि उशाखालचा चाकू."

टांगा खासगी बाजारात शिरला तेव्हा मिरवणुकीचे शिपाई रस्त्यात उभे राहू लागले होते. दिनकरराव चांगले झापायच्या तयारीत दारात उभे होते. पण महिपतराव संभाजीरावांना काखेत धरून उतरवताना दिसले. दिनकररावांनी धावत जाऊन दुसऱ्या बाजूनं धरलं. वाद नाही, टोमणा नाही. दिनकररावांच्या आयुष्यात हे पहिल्यांदाच घडत होतं.

महिपतरावांनी स्वयंपाकघरात जाऊन विजयाबाईंच्या कानात दोन वाक्यं सांगितली. त्यांचा लाटता हात थांबला. डोळ्याला पदर लावून त्या म्हणाल्या, "न जेवता पाठवू भाऊजींना, दसऱ्याच्या दिवशी? तुम्ही पूजा करा. जेवणाचं मी बघते."

पूजेला बसले. हळदकुंकू झालं, फुलं वाहिली. संभाजीरावांनी डाव्या हातानं चाकू खिशातून काढला. मूठ गुडघ्यांत धरली, नख पात्याच्या खाचेत घातलं आणि ओढलं. मूठ सटकली. पुन्हा धरली, पुन्हा सटकली. कपाळावर घाम आला. दिनकरराव देवीच्या टाकाकडे टक लावून बघत होते, जणू ते इथं नाहीतच. तिसऱ्या खेपेला संभाजीरावांनी चाकू तोंडाकडे नेला, आणि मध्येच त्यांचा हात थांबला. डोळे भरून आले होते.

महिपतरावांनी हात पुढे केला आणि त्यांच्या हातातूनच चाकूची मूठ धरली.

"अरे, काय करतोस!" दिनकरराव ओरडले. "हातोहात! पुन्हा!"

"मला दिसतंय. ओढ रे संभा, मी धरलंय."

"भांडण होईल, महिपत," संभाजीराव म्हणाले.

"होऊ दे ना! भांडायला तरी येशील की नाही? दर रविवारी ये आणि भांड. घरात दार लावून बसण्यापेक्षा ते लाख पटीनं बरं. ओढ!"

संभाजीरावांनी पातं ओढलं. तोच तो गोड आवाज झाला. दिनकररावांनी सवयीनं डोळे मिटले आणि म्हणाले, "पुन्हा एकदा." आणि खरोखरच पातं मिटून पुन्हा एकदा उघडलं, दोघांनी मिळून. मग रामपुरी खटकन उघडला, काळ्या मुठीचा उघडला, आणि तिन्ही पाती देवीपुढे ओळीनं झळकली. मधली जागा भरली.

जेवायची वेळ झाली तेव्हा संभाजीराव उठायला लागले, "मी निघतो." पण विजयाबाईंनी ताटं आणलीच नाहीत. तिघांपुढे तीन मोठे वाडगे ठेवले. पुरणपोळ्या दुधात कुस्करून वर तुपाची धार सोडलेली, शेजारी वाटीत कढत कटाची आमटी, आणि प्रत्येक वाडग्यात चमचा.

दिनकरराव वाडग्यात डोकावले. "वहिनी, हे काय? पोराबाळांचं जेवण! मला दात आहेत अजून."

"मग ते आतच ठेवा, भाऊजी. आज आमच्या घरी असंच जेवतात."

दिनकररावांनी एकदा विजयाबाईंकडे पाहिलं, एकदा संभाजीरावांच्या शालीकडे. आणि मुकाट्यानं चमचा उचलला, तोही डाव्या हातानं. महिपतरावांनीही तेच केलं. संभाजीरावांनी पहिला घास घेतला, दुसरा घेतला, आणि मग आमटीची वाटी तोंडाला लावून भुरका मारला, तो स्वयंपाकघरात ऐकू गेला.

"वहिनी," ते म्हणाले, "आई असं कुस्करून द्यायची. ताप आला की." मग वाडगा पुढे सरकवला. "आणखी वाढा."

महिपतरावांना वाटलं, सोनं काय रस्त्यावर जाऊनच लुटायचं असतं? आपल्या ओसरीवर आज कमी आहे का काही?

मिरवणूक पुढे गेल्यावर सोनं म्हणून शमीची पानं एकमेकांना दिली, गळाभेटी झाल्या, टांगा आला. पुजलेली शस्त्रं त्या दिवशी पाटावरून उचलत नाहीत, तेव्हा चाकू तिथंच राहिला. टांग्यात बसल्यावर संभाजीराव म्हणाले, "राहू दे तो तुझ्याकडेच, महिपत. माझ्याकडे मिटलेलाच राहतो. पोलाद आहे, वापरात नसलं की आतून गंज धरतं." महिपतरावांनी त्यांची शाल खांद्यावर नीट ओढून दिली.

रविवारी महिपतराव ओसरीवर तिन्ही चाकू मांडून बसले होते. दिनकरराव आले. चहा आला. गल्लीच्या तोंडाशी टांगा थांबल्याचा आवाज झाला, पण महिपतरावांनी मुद्दामच वर पाहिलं नाही.

काठीचा ठक ठक आवाज पायरीपर्यंत आला. संभाजीराव टेकले, धाप जाऊ दिली, पुढे वाकून आपल्या चाकूचा वास घेतला आणि कडाडले, "कुणी लावलं हे? खोबरेल? माझ्या बसऱ्याच्या पात्याला खोबरेल?"

"मग काय अत्तर लावू?"

"तिळाचं लावतात, मूर्खा! खोबरेल थंडीत गोठतं. बिजागरीत बसलं की झालं वाटोळं. आण इकडे!"

महिपतरावांनी चाकू उचलला आणि मूठ त्यांच्यापुढे घट्ट धरून ठेवली. संभाजीरावांनी डाव्या हाताच्या नखानं पातं ओढलं, आणि मग खोबरेल की तिळाचं यावर दोघं दिवेलागणीपर्यंत भांडत बसले.