मिस एफी पियानोला बसल्या

आमच्या ‘सॉमिल’ बँडची बरीच गाणी लोक विसरले. ‘विचारत नाही, सांगतेय’ मात्र अजून रेडिओवर लागतं, आणि तरुण पोरं गाडीच्या काचा खाली करून मोठ्यानं ऐकतात. रेकॉर्डवर गीतकार म्हणून माझं नाव आहे, लुरीन पेटस. पण त्यातली मुख्य ओळ माझ्या सासूबाईंची.

एकोणीसशे त्र्याहत्तर साली मी फोर्ट पेन गावातल्या मोज्यांच्या कारखान्यात कामाला होते. माझं माहेर होलिनेस पंथाचं. आमच्या चर्चमध्ये ड्रम, गिटार सगळं चालायचं आणि मी लहानपणापासून तिथं बेस गिटार वाजवायचे. लग्न झालं बाप्टिस्ट घरात. त्यांच्या चर्चमध्ये फक्त पियानो, आणि त्यावर सासूबाई. माझा बेस पलंगाखाली गेला.

आमच्या कारखान्यातली यंत्रं दुरुस्त करणारा डॉयल हा बँड चालवायचा. बंद पडलेल्या लाकडाच्या गिरणीत त्यांची तालीम असे, म्हणून नाव सॉमिल. त्यांचा बेसवाला डेट्रॉइटला मोटारींच्या कारखान्यात नोकरी धरून निघून गेला, तेव्हा डॉयल माझ्याकडे आला. म्हणाला, “तू वाजवतेस म्हणे. येतेस का आमच्यात?”

मी घरी जाऊन नवऱ्याला, रॉइसला विचारलं.

“चार दाढीवाल्यांबरोबर? दारूच्या गुत्त्यांवर? लोक काय म्हणतील, लुरीन!”

“म्हणतील, बेस बरा वाजवते.”

“चेष्टा पुरे. नाही म्हणजे नाही.”

सासूबाई व्हरांड्यात शेंगा सोलत बसल्या होत्या. सगळा गाव त्यांना, आमच्याकडच्या आदराच्या रीतीनं, मिस एफी म्हणायचा, मीही. मान वर न करता त्या म्हणाल्या, “रॉइस, तू ट्रक घेऊन टेक्ससला निघतोस तेव्हा कुणाची परवानगी काढतोस रे?”

“ममा, ते काम आहे.”

“मग हेही कामच. तुमची पोर मी सांभाळीन.”

रॉइसनं टोपी डोक्यावर आदळली आणि पाय आपटत अंगणात गेला. मिस एफींनी शेंगांचं पातेलं माझ्याकडे सरकवलं.

“तुझ्याएवढी होते तेव्हा चॅटनूगा शहरातल्या रेडिओवाल्यांनी मला पियानोला बोलावलं होतं,” त्या म्हणाल्या. “मी रॉइसच्या वडिलांना विचारलं. ते नाही म्हणाले. वाईट नव्हते गं ते. पण मी विचारलं, म्हणून त्यांना नाही म्हणता आलं. तू विचारत बसू नकोस, पोरी. सांग आणि जा.”

मी सांगितलं आणि गेले. रॉइस बरेच दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलला. इकडे मोज्यांच्या यंत्राच्या खडखडाटात सासूबाईंची ओळ माझ्या डोक्यात घोळत राहिली. तिचं गाणं झालं. डॉयलनं त्याला चाल दिली, सुरुवातीला पियानो टाकला आणि शेवटी, त्याच्या सवयीप्रमाणे, न संपणारी गिटार.

ते गाणं पहिल्यांदा लोकांपुढे आलं चार जुलैला, स्वातंत्र्यदिनी, जत्रेच्या मैदानावर, भर दुपारी. मिस एफी अगदी पुढे घडीच्या खुर्चीवर बसल्या होत्या. डोक्याला चर्चची हॅट, कानात कापूस, मांडीवर माझी लेक. आम्ही तारा जुळवत होतो तेवढ्यात निरोप आला, की आमच्या पियानोवाल्याला अपेंडिक्ससाठी हॉस्पिटलात नेलंय.

“ते गाणं आज राहू दे,” डॉयल म्हणाला.

मिस एफींनी कानातला कापूस काढला. “कुठल्या पट्टीत आहे?”

“मिस एफी, हे चर्चमधलं नाही हो...”

“महिनाभर ही घरात तेच गुणगुणतेय. बहिरी नाही मी. पट्टी सांग.”

“जी मेजर.”

त्यांनी लेकीला डॉयलच्या बायकोकडे दिलं आणि हॅटसकट स्टेजवर चढल्या. सुरुवात त्यांनी एखाद्या प्रार्थनेसारखी संथ केली. मैदानावरची पोरं हसायला लागली. मग त्यांचा डावा हात खाली उतरला, असा जड आणि खट्याळ, की ड्रमवाला माझ्याकडे बघतच राहिला. हसणारी पोरं उठून उभी राहिली. मी गायला लागले, आणि माझा आवाज इतका मोकळा सुटलेला मी कधी ऐकला नव्हता.

“डॉयल,” सगळं झाल्यावर त्या म्हणाल्या, “तुझी गिटार संपेपर्यंत मी घरी जाऊन गार चहा करून आले असते.”

तेव्हा मला रॉइस दिसला. न सांगता आला होता, मागे कुंपणाला टेकून उभा होता. तो पुढे आला आणि आमचा जड अँप्लिफायर एकट्यानं उचलला.

“ममा, तू असं वाजवतेस हे मला कधीच माहीत नव्हतं.”

“घरात कुणाला ऐकायचं होतं, बाळा?” त्या म्हणाल्या. त्यानं मान खाली घातली. पण त्यानंतर घरी असला की आमचं सामान गाडीत तोच चढवायचा.

मिस एफींना मात्र ही दुपार महागात पडली. त्यांच्या चर्चचे एक ज्येष्ठ कारभारी दुसऱ्याच दिवशी दारात आले. “असली गुत्त्यातली गाणी वाजवल्याबद्दल मंडळींसमोर माफी मागा, नाहीतर पियानोवर दुसरं कुणी बसेल.”

“बसू दे,” त्या म्हणाल्या. दार नीट लावलं आणि स्वयंपाकघरात जाऊन रडल्या. त्या पियानोवर त्यांचं आयुष्य गेलं होतं. मी जवळ बसले.

पुढच्या वळणावरच्या मेथडिस्ट चर्चला हे कळलं. त्यांची पियानोवाली बोटांच्या दुखण्यानं थकली होती. ते घरी येऊन मिस एफींना घेऊन गेले, आणि त्या तिथंच रमल्या.

बँड पुढे अनेक वर्षं चालला. कितीतरी बायका मला भेटून सांगतात, हे गाणं ऐकून मी गाडी चालवायला शिकले, मी नोकरी धरली, मी परत शाळेत गेले. मी घरी येऊन ते सासूबाईंना सांगते. त्या “हं” म्हणतात, पण पुन्हा सांगायला लावतात.

आता त्यांना दिसतं कमी, म्हणून रविवारी चर्चला मीच नेते. मागच्या खेपेला गाडीत मी म्हटलं, “मिस एफी, त्या दिवशी तुम्ही व्हरांड्यात बोलला नसतात, तर माझं कसं झालं असतं कोण जाणे. तुमचे उपकार आहेत माझ्यावर.”

त्यांनी माझा हात दाबला, बराच वेळ धरून ठेवला.

“बरं, बरं,” त्या म्हणाल्या. “काच वर कर आधी. केस विस्कटतायत.”