तळघरातली हवा

दादा गवंडी. घराखालचं तळघर त्यानं स्वतःच्या हातांनी बांधलेलं. वहिनीला गारठा सोसत नसे, म्हणून त्यानं खिडकीच ठेवली नाही. त्या उबेत वहिनीनं सोळा वर्षं शिलाई मशीन चालवलं. कुणी सिगारेट पेटवली तरी नाक मुरडणारी ती बाई फुप्फुसाच्या कॅन्सरनं सहा महिन्यांत गेली.

दादाची धाकटी बहीण घरोघरी जाऊन हवा मोजायची. नोकरीच तशी होती. जमिनीतून, खडकातून एक वायू झिरपतो. त्याला रंग नाही, वास नाही, पण वर्षानुवर्षं श्वासात गेला तर फुप्फुसाचा कॅन्सर होऊ शकतो. बंद खोलीत तो साठतो आणि त्याच्या किरणांनी हवेत वीज वाहून नेणारे कण तयार होतात. तिच्या मोजणीच्या डब्यातल्या काट्याला विजेचा भार देऊन ठेवायचा. हे कण जितके जास्त, तितका भार लवकर जातो आणि काटा उतरतो.

वहिनीला जाऊन दोन महिने झाले तेव्हा भाची म्हणाली, "आत्या, मी आता खाली शिवायला बसणार. आईची गिऱ्हाइकं अजून येतात."

"उद्यापर्यंत थांब," एवढंच आत्या म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी डबा घेऊन आली.

"आमच्याकडे कसली तपासणी?" दादा म्हणाला. "माझ्या भिंतीतून मुंगी शिरायची नाही."

"भिंतीतून नाही रे, जमिनीतून."

वरच्या खोलीत काटा उतरायला पाऊण तास लागला. तळघरात सहा मिनिटं. तिनं मशीनपाशी मोजलं, कपाटापाशी मोजलं. साडेपाच. सहा.

दादा जिन्यात उभा होता. "सांग."

"इथं कुणी बसायचं नाही. दुरुस्ती होईपर्यंत तरी."

"तिला यानंच झालं?"

"एका माणसाचं छातीठोकपणे नाही सांगता येत, दादा. असू शकतं."

तो पायरीवर बसला. "मीच म्हणायचो तिला, दार लावून घे, ऊब जाते." मग बहिणीकडे वळून म्हणाला, "चिमे, तू दर रविवारी इथं चहाला बसायचीस. एकदाही डबा का नाही आणलास?"

लोकांची घरं मोजून थकलेली ती भावाकडे चार घटका बसायला यायची, हे तिला सांगता आलं नाही. "सुचलंच नाही," ती म्हणाली.

दादानं फरशी फोडली, वायू बाहेर जावा म्हणून खालून छपरापर्यंत पाइप नेला, भिंतीत खिडकी पाडली. आठ दिवस एकटा राबला. कुणाला हात लावू दिला नाही. काटा आता वरच्या खोलीइतकाच सावकाश उतरू लागला. तरी भाचीनं मशीन वरच नेलं.

बहीण रविवारी येत राहिली. दादा चहा द्यायचा, इकडचं तिकडचं बोलायचा. तो रागावला असता तर तिला सोपं गेलं असतं.

एका रविवारी कप खाली ठेवत तो म्हणाला, "पलीकडच्या म्हातारीकडेही तळघर आहे. मीच बांधलंय."

"आणखी किती बांधलीस?"

तो बोटांवर मोजू लागला. दोन्ही हातांची बोटं संपली तरी थांबेना. तिनं पिशवीतून वही काढली आणि म्हणाली, "एकेक पत्ता सांग."