धुक्यातली शिट्टी

बंदरसाहेबांनी धक्क्यावर दरांची पाटी लावली, त्याला आम्हा नावाड्यांची फारशी हरकत नव्हती. माणसाचे इतके, ट्रंकेचे इतके, लांब नांगरलेल्या आगबोटीपर्यंतचे थोडे जास्त. वर्षाला परवान्याची फी भरायची आणि दंडाला पत्र्याचा बिल्ला बांधायचा. वल्हं मारताना तो काचायचा, एवढीच तक्रार. पाटीच्या तळाशी मात्र एक नियम होता, त्याने आमची झोप उडवली. उतारू घेऊन निघालेली होडी वाटेत थांबता कामा नये. थांबली, तर नावाडी जादा पैसे उकळतोय असं धरलं जाईल, परवाना जाईल आणि होडी करवतीने मधोमध कापली जाईल.

खोटं कशाला बोला, नियम काही आभाळातून पडला नव्हता. आमच्यातलेच काही महाभाग भर पाण्यात वल्ही वर घ्यायचे आणि उतारूकडे बघून गोड हसायचे. उतारूला पोहता येत नसलं की तो लगेच उदार व्हायचा. चौघांनी मजा मारली आणि निस्तरायची वेळ सगळ्यांवर आली. आता प्रत्येक उतारूला धक्क्यावर एक पितळी शिट्टी मिळू लागली. होडी थांबली की ती वाजवायची, म्हणजे पोलिसांची लाँच धावत येणार. आगबोटीवर चढताना उतारू ती आमच्या हातात द्यायचा. म्हणजे आमच्याच गळ्याचा फास आम्हीच जपून परत आणायचा.

होडी माझ्या दाजींची, म्हणजे ताईच्या नवऱ्याची. एक वल्हं त्यांचं, एक माझं. ते मला चारचौघांत अदबीने ‘मेहुणे’ म्हणत आणि हे वल्हं मारत नाहीत, नुसतं पाणी ढवळतात, असं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. ताईचे दागिने मोडून घेतलेली होडी होती ती. ताई तिला सवत म्हणायची आणि दरवर्षी तिला स्वतःच्या हाताने डांबर लावायची. होडी गेली तर त्या घरात चूल पेटणार नव्हती, इतकं सरळ होतं.

दाजींना वडिलांनी लावलेली एक सवय होती. धुकं उतरलं की वल्ही पाण्याबाहेर काढायची, श्वाससुद्धा दबकत घ्यायचा आणि ऐकायचं. कुठे साखळी वाजतेय, कुठे इंजिन धडधडतंय, हे कळल्याशिवाय पुढे जायचं नाही. नियम आला तेव्हा मी विचारलं होतं, आता धुक्यात कसं करायचं. धुक्यात उतारूच घ्यायचे नाहीत, असं म्हणून त्यांनी प्रश्न निकालात काढला.

त्या सकाळी निघालो तेव्हा आभाळ लख्ख होतं. उतारू म्हणजे एक तरुण मास्तर, पहिल्यांदाच परमुलखात नोकरीला निघालेला. पाण्याची त्याला इतकी धास्ती, की तो ट्रंकेला मिठी मारून बसला होता. ट्रंक तुम्हाला धरून आहे की तुम्ही ट्रंकेला, असं दाजींनी त्याला विचारलं. तो कसंनुसं हसला आणि त्याने शिट्टी मुठीत आवळली.

अर्ध्या वाटेवर धुकं आलं. बघता बघता आगबोट गेली, धक्का गेला, माझ्या वल्ह्याचं टोकही दिसेना. दाजींचं वल्हं थांबलं. सवयीने माझंही थांबलं, आणि मग मला पाटीच्या तळाचा नियम आठवला.

मास्तर चिरक्या आवाजात म्हणाला, की त्याच्याकडे जास्तीचे पैसे नाहीत. दाजींनी त्याला समजावलं, पैसे नकोत, फक्त जरा गप्प बसा. आता भर पाण्यात, चहूकडे धुकं असताना, अनोळखी माणूस ‘गप्प बसा’ म्हणाला तर भित्र्या जिवाने काय समजायचं? त्याने शिट्टी तोंडात घातली आणि तो ती जीव खाऊन वाजवत सुटला.

आणि धुक्यात कुठेतरी लाँचचं इंजिन सुरू झालं.

“मास्तर, शिट्टी थांबवा,” दाजी म्हणाले. “लाँच आवाजाच्या रोखाने येतेय. आपल्यावरच चढेल.”

उतारूच्या अंगाला हात लावला तर तुरुंग. म्हणून दाजींनी शिट्टी हिसकावली नाही, नुसते हात जोडले. इंजिनाचा आवाज वाढला तसा तो मास्तरलाही कळला आणि शिट्टी त्याच्या तोंडातून गळून पडली. मग आम्ही तिघंही ऐकत बसलो. आवाज डावीकडे होता, मग मागे गेला, मग चहूकडूनच येऊ लागला. दाजींनी डोळे मिटून घेतले होते.

“मेहुणे, तुम्ही एकट्यानेच मारा,” ते म्हणाले. “जोरात.”

मी जन्मात मारलं नव्हतं तसं वल्हं मारलं. होडी गर्रकन वळली आणि धुक्यातून लाँचची काळी कड निघून आम्हाला घासून गेली. लाटेने होडी अर्धी पाण्याने भरली. मास्तरने दाजींचा दंड धरला, तो सोडेचना.

धुकं विरल्यावर लाँच परत आली. होडी थांबली होती का, असं फौजदाराने मास्तरला विचारलं. मास्तरने त्याला सगळं सांगितलं. धुकं, इंजिन, आपली चूक, या माणसाने आपला जीव कसा वाचवला ते. बोलला चांगला, मी त्याला नावं ठेवणार नाही. फौजदाराने शांतपणे ऐकून घेतलं.

“होडी थांबली होती का?” त्याने पुन्हा विचारलं.

मास्तरने आमच्याकडे बघितलं. खोटं बोलणं त्याला जमेना.

“हो,” तो म्हणाला. पुढचं फौजदाराने ऐकलं नाही.

होडी धक्क्यावर ओढून सगळ्यांदेखत कापली. ताई आली होती. तिने लावलेल्या डांबरात करवत सारखी अडकत होती आणि सुतार वैतागत होता. ताई रडली नाही. दोन तुकडे झाल्यावर ती दाजींना म्हणाली, “थांबून ऐकलं नसतंत तर मी विधवा झाले असते. चला घरी.”

तिचं म्हणणं खरं होतं, पण बाकीच्या नावाड्यांनी त्या दोन तुकड्यांकडे बघून निराळाच धडा घेतला. आता कुणीच थांबत नाही. दाजी धक्क्यावर ट्रंका वाहतात. मी दुसऱ्याच्या होडीवर आहे. मालक माझ्या पुढ्यात बसतो आणि धुकं दिसलं की वल्ह्याचा वेग वाढवतो.

आत्ता आम्ही अर्ध्या वाटेवर आहोत आणि धुकं उतरलंय. उतारू एक जाडजूड व्यापारी आहे. शिट्टी त्याने आधीच दातांत धरलीय. माझं वल्हं आपोआप वर आलं, तशी त्याची नजर वल्ह्यावर खिळली.

मागे धक्क्यावरून दाजींचा आवाज येतोय. “मेहुणे, थांबा. लाँच सुटलीय. थांबा.”

समोर कुठेतरी इंजिन धडधडतंय. किती लांब, ते कळायला मला क्षणभर शांतता हवी आहे. व्यापाऱ्याने छातीत हवा भरून घेतली. मालक मागे न बघता म्हणतो, “मार.”

मी वल्हं पाण्यात घालतो.