आईचा शब्द

माझा नवरा क्लोविस शाळेची बस चालवायचा. निवृत्त झाल्यावर आमच्या लुईझियानातल्या गावच्या साप्ताहिकात तो छोटंसं सदर लिहू लागला. ओसरीचं छत निळं का रंगवतात, कॉफीत चिकोरी कधीपासून आली, असलं काहीबाही. लोक आवडीनं वाचायचे.

एकदा त्यानं ‘फ्रुगाय’वर लिहिलं. माणूस उठतो, खिडकीशी जातो, फ्रिज उघडतो, काही न घेताच बंद करतो आणि परत येऊन बसतो. या चाळ्याला त्याची आई फ्रुगाय म्हणायची. क्लोविसच्या मते हा इथली म्हातारी माणसं अजून बोलतात त्या जुन्या फ्रेंचमधला अस्सल शब्द, आणि आता तो मरायला टेकलाय.

अंक निघाला आणि कॉलेजात फ्रेंच शिकवणाऱ्या एका बाईंचा फोन आला. अगदी नम्रपणे म्हणाल्या, “कुठल्याच कोशात सापडत नाही हो. तुमच्या घरापुरताच असेल.”

“घरापुरता!” फोन ठेवून क्लोविस कडाडला. “शब्द म्हणजे काय टूथब्रश आहे?”

मग तो विचारत सुटला. न्हाव्याकडे, सॉसेजच्या दुकानात, चर्चच्या पायऱ्यांवर. म्हाताऱ्या एल्फेजनं तर विचारलं, “मासा आहे का रे?” जेवता जेवता क्लोविस उठायचा नि अंगणात येरझाऱ्या घालायचा. वाडग्यातलं गंबोचं कालवण गार होऊन जायचं.

“हेच का रे ते फ्रुगाय?” मी म्हटलं. तो आणखी एक फेरी मारून आला.

“मग थोरल्या बहिणीला, ओझीतला विचार की,” मी सुचवलं.

ओझीतशी त्याचं बोलणं बंद होतं. आईच्या अंत्यविधीची प्रार्थना तिनं फ्रेंच सोडून इंग्रजीत करवली होती, ते त्याला फार लागलं होतं. शेवटी रविवारी त्यानं फोन लावलाच.

ओझीत खो खो हसली. मला बाजूला बसून ऐकू येत होतं. “अरे वेड्या, आईचा कसला? तुझाच तो शब्द! एवढासा होतास, असाच घरभर फिरत काहीतरी म्हणायचास, जीभ वळायची नाही. म्हणायचं असायचं भलतंच, तोंडातून निघायचं फ्रुगाय. आईला इतकी गंमत वाटली, की तीही तेच म्हणायला लागली.”

क्लोविसनं फोन दुसऱ्या कानाला लावला. म्हणाला, “मग मला म्हणायचं काय असायचं?”

ओझीत म्हणाली, “ते नाही रे आठवत.”

त्यानं गाडीच्या किल्ल्या उचलल्या. मीही निघाले. ओझीतच्या स्वयंपाकघरात दोघं भावंडं संध्याकाळपर्यंत जुने जुने शब्द बोलून बघत होती. “हा असेल?” “छे, आई असं कधी म्हणायची?” मध्येच आईची नक्कल, मध्येच भांडण. प्रार्थनेचा विषय कोणीच काढला नाही. शब्दही सापडला नाही.

परतताना गाडी चालवता चालवता क्लोविसचे ओठ हलत होते. लहान पोराला जे म्हणता आलं नसेल ते तो पुटपुटून बघत होता. आमच्या घराचं वळण मागे गेलं. मी त्याला तसंच पुढे जाऊ दिलं.