मायच्या पायातली जोडवी

माझ्या बापाला कापसाचा पैसा आला आणि मायच्या पायांचे हाल सुरू झाले. लोक उलटं सांगतात. भगवंतरावाने बायकोला चांदीने मढवली, असं म्हणतात. मढवली, हे खरं आहे.

सातासमुद्रापार कुठेतरी लढाई लागली होती म्हणे, आणि तिच्यापायी आमच्या दर्यापूरकडच्या काळ्या रानातल्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला. बाबा गाड्या भरून अमरावतीच्या बाजारात गेले आणि जरीचं पागोटं बांधून परतले. त्याच हंगामात त्यांनी गावातल्या शालिकराम सोनाराला बोलावलं. मायची जुनी पातळ जोडवी काढली आणि लगेच तिथल्या तिथे नवी चढवली, जाड आणि भरीव. जुनी उघड्या तोंडाची होती. बोट सुजलं की माय ती हातानेच थोडी फाकवायची. नवी मात्र शालिकरामने ठोकून अशी बंद केली, की उघडायला पुन्हा हत्यारच लागावं. शेतात कुठे गळून पडू नयेत, हा बाबांचा हुकूम.

मायला वात होता. घोट्यांत आणि पायाच्या बोटांत धरायचा. सकाळी उठली की पाय भुईला टेकवत नसे. उंबऱ्यात ऊन येईपर्यंत बसायची, एरंडाची पानं तव्यावर शेकून बांधायची, आणि चुलीपर्यंत बसल्या बसल्या सरकत जायची. स्वयंपाकाला उशीर झाला की बाबा विचारायचे, "काऊन, आज उजाडलं नाही का?"

नव्या जोडव्यांनी वर्षभरात बोटं गिळली. चांदीच्या दोन्ही अंगांनी मांस वर आलं आणि खालची कातडी ओली राहू लागली.

पैसा होता, म्हणून वैद्यही अमरावतीचा. मी तेव्हा अकोल्याहून माहेरपणाला आले होते, गाडीत मीही बसले. चिंतामणशास्त्र्यांनी पाय पाहिला आणि म्हणाले, "आधी ही कापा. महिनाभर बोटं मोकळी राहू द्या, जखम सुकू द्या. मग निर्गुडीचा शेक, सुंठ-एरंडेल, सगळं देतो. वात मुळापासून जाणार नाही, पण बाई चालेल."

"कापा? मी काय मेलो का?" बाबा म्हणाले.

मी म्हटलं, "बाबा, तवरक हयदीचा दोरा बांधू. चालते तसं. माह्या सासरी एकीनं बांधला होता."

"दोरा? भगवंतरावाची बायको पायात दोरा बांधून फिरन?"

तेव्हा मला कळलं. बाबांना स्वतःच्या जिवाची भीती वगैरे काही नव्हती. त्यांच्या जिवाची भीती मायला होती, बाबांना लोकांची होती. माय गाडीत हळूच म्हणाली, "राहू दे व शकुन. तुह्या बापाच्या जिवाचं हाय ते." मला इतका राग आला की मी गाव येईपर्यंत तिच्याशी बोलले नाही.

मग बाबांनी डाग देणारा माणूस आणला. त्याने सळई लाल करून घोट्यावर डाग दिले. बाबा शेजारी उभे राहून सांगत होते, "खालती नको येऊ, चांदी काळी पडन." कार्तिकात तिला कौंडण्यपूरच्या जत्रेला नेलं. मायला आपल्या पायाने वर्धा नदीत उतरायचं होतं. उतरता आलं नाही. बाबांनी तिला गाडीत पाय पुढे करून बसवली, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसावेत असे.

पुढच्या श्रावणात निरोप आला. चिखलातून बैलगाडीने रखडत मी पोचले तेव्हा मायला ताप होता आणि अंगठ्याशेजारचं बोट काळं पडलं होतं. तिने माझा हात धरला. "शालिकरामले बोलाव. तुह्या बापाले काही होत नाही. झालं त होऊ दे. मले सकायी भुईवर पाय टेकाचा हाय, बस."

मी बाबांकडे गेले. ते म्हणाले, "चांदी उतरवली त लोक म्हनतीन, दिवायं निघालं."

मी तशीच शालिकरामच्या दुकानात गेले. तो बिचारा मान खाली घालून म्हणाला, "मालकाच्या हुकुमाबिगर सवाशिनीच्या पायाले हत्यार कसं लावू, बाई?"

माय पोळ्याच्या आधी गेली.

बायका जमल्या. हिरवा चुडा भरला, मळवट भरला, ओटी भरली. सगळ्या म्हणत होत्या, अहेव गेली, नशीबवान. बाबांचे डोळेही ओले होते, खोटं का सांगू. पण तिरडी उचलायच्या आधी ते म्हणाले, "शालिकरामले बोलवा. एवढी चांदी काय जायाची हाय?"

शालिकराम आला. त्याने मायचा पाय मांडीवर घेतला, कानस घासली, चिमट्याने जोडव्याचं तोंड फाकवलं. तोंडातलं पान चघळून होण्याआधी दोन्ही पाय मोकळे झाले. मधेच एकदा तो सवयीने म्हणाला, "दुखलं त नाही न, बाई?" आणि मग कोणाकडेच बघेना.

जोडव्यांखाली हाडापर्यंत खाच पडली होती. बाबांनी चांदी पुसून धोतराच्या सोग्यात बांधली.

माघात त्यांनी लग्न केलं. कौशल्या माझ्यापेक्षाही लहान होती. मी तिच्याजवळ जाऊन बसले, तेव्हा तिने लुगडं जरा वर घेऊन कौतुकाने पाय दाखवला. "पाहा न, केवढी जड हायेत! मालकानं मुद्दाम घडवली म्हने." चांदी कोणती, ते शालिकरामने मला आधीच सांगितलं होतं.

मी तिचा पाय हातात घेतला. बोट सरळ होतं, कोवळं होतं. जोडव्याचं तोंड ठोकून बंद केलेलं होतं.

"आजच्या आज फाकवून घे," मी म्हटलं. "उद्या बोट सुजलं, त तू मरेपर्यंत कोनी कापनार नाही."

ती हसली. तिला वाटलं, सावत्र लेक जळते.